पुस्तकात आहे तसंच

कानो, १२ जानेवारी २००५

याया तबावा,

सलाम. तुझ्या गुडघ्यांची चौकशी शेवटी करते. आधी माझं ऐकून घे, कारण कालपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मालम हुदूंनी दोनदा विचारलं, जेवण कुठाय, आणि दोन्ही वेळा मी उत्तर दिलं नाही. नवरा शहाणा आहे. तिसऱ्यांदा विचारलं नाही, कोपऱ्यावरून चवळीची भजी आणून खाल्ली.

तुझी लेक आली होती. जन्म मी दिला असेल, पण दूध सुटल्यापासून वाढवली तू, तेव्हा तुझीच. ती सिनेमाच्या धंद्यात आहे हे तू मला दर पत्रात लिहितेस. पण आता ती स्वतः सिनेमा दिग्दर्शित करणार, आणि तोही माझ्या ‘चाळणीतलं पीठ’ या कादंबरीवर, हे मात्र पोटात ठेवलंस. बहीण आहेस की कोण?

ती दाराजवळ चटईच्या टोकाला बसली. मी खाटेवर चवळी निवडत, तोंड भिंतीकडे. पहिल्या मुलाचं नाव घ्यायचं नाही, तोंडाकडे बघायचं नाही, सरळ बोलायचं नाही, ही आपली रीत तुला मी काय सांगणार. मध्ये झुलाईला बसवलं, धाकटी लेक म्हणून तिच्याशी मला बोलता येतं.

मी म्हटलं, “झुलाई, तिला विचार, पुस्तक तरी नीट वाचलंय का.”

“वाचलंयस का?”

“दोन्ही भाग वाचलेत म्हणून सांग हाजियांना.” सगळं गाव म्हणतं तसं तीही मला हाजियाच म्हणते.

“दोन्ही भाग वाचलेत.”

“मग विचार, वाचकांनी एवढा तिसरा भाग मागितला, तो मी का लिहिला नाही ते कळलं का तिला.”

“कळलं म्हणून सांग. पोरगी सासरी गेल्यावर त्या आईकडे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.”

उत्तर बरोबर होतं, याया. मला बरं वाटलं. माझ्या प्रकाशकालासुद्धा हे कधी कळलं नाही. झुलाई मात्र वैतागली. म्हणाली, “तुम्ही दोघी एकाच चटईच्या अंतरावर बसलाय. मी काय टेलिफोनची तार आहे?” मी तिला डोळे वटारून दाखवले आणि कागद वाचायला लावले.

तुझ्या लेकीने टाइप करून आणलेला सिनेमा झुलाईने मोठ्याने वाचला. बरंचसं ठीक होतं. मग आला निरोपाचा प्रसंग. माझ्या पुस्तकात देलू काय करते, तुला पाठ आहे. असबेला सासरी न्यायला बायका आल्यात, अंगणात ढोल चाललाय, असबे आईच्या खोलीच्या दाराशी निरोप घ्यायला येते, आणि देलू पाठ फिरवून बाजरीचं पीठ चाळत बसते. फक्त एवढंच म्हणते, “तिला सांगा, उशीर होतोय.” आणि मग तीन पानं तिच्या पोटात काय चाललंय ते आहे. आता तुझ्या लेकीच्या सिनेमात काय आहे ऐक. देलू चाळणी फेकते, धावत अंगणात येते, असबेला मिठी मारते, तिचं नाव घेऊन हंबरडा फोडते. मग गाणं.

हंबरडा, याया. पहिल्या मुलीचं नाव घेऊन, सगळ्या वऱ्हाडासमोर.

मी म्हटलं, “तिला सांग, कानोत अशी आई नसते.”

ती म्हणाली, “हाजियांना सांग, थिएटरात बसलेल्या बाईला आईच्या पोटातलं दिसत नाही. पुस्तकात त्याला तीन पानं आहेत. सिनेमात पानं नसतात. काहीतरी बाहेर यायला हवं.”

“तिला सांग, ते बाहेर येत नाही म्हणून तर मी पुस्तक लिहिलं.”

यावर तिने कागद गोळा केले. मग उठली, माझ्या पाठीला सलाम केला आणि गेली. झुलाईने तिच्यासाठी दुधात कालवलेला फुरा वाडग्यात तसाच राहिला.

तू म्हणशील, एवढं काय त्यात. बाकीच्या माझ्या पुस्तकांचं मी काही म्हणत नाही. त्यातल्या सवती, मांत्रिक, मोटारवाले श्रीमंत अल्हाजी, सगळे घेऊन जा आणि नाचवा हवे तसे. पण ती तीन पानं वेगळी आहेत. झारियाहून, कात्सिनाहून बायका मला भेटायला येतात आणि माझ्यासमोर बसून ती म्हणून दाखवतात. अर्ध्यात रडू फुटतं त्यांना. आयुष्यात खरं असं मी तेवढंच लिहिलं. ते कुणी बाजारात नेऊन बसवलेलं मला चालणार नाही.

तिला सांग, पुस्तकात आहे तसंच करणार असेल तर पुस्तक घे. नाहीतर नाही.

गुडघ्यांना शेवग्याच्या पानांचा लेप लावतेस ना?

तुझी सादातू


कानो, ३ फेब्रुवारी २००५

याया,

तुझं पत्र कादुनाच्या टॅक्सीवाल्याने काल आणून दिलं. पाकीट उघडलेलं होतं. तुझे टोमणे आता सगळा मोटार-अड्डा वाचून मोकळा झाला असणार.

“सादातू, तुला पोरीपेक्षा कागद जवळचा,” असं लिहिलंस. लिही बाई. मोठी आहेस, तुला सगळं माफ. पण मग माझ्यासारखी पुस्तकं लिहिणाऱ्या उवानीचं काय झालं ते आठव. तिच्या पुस्तकात दोन सवती आधी भांडतात आणि शेवटी एकाच चुलीवर रांधायला लागतात. सिनेमावाल्यांनी काय केलं? शेवटपर्यंत भांडायला लावल्या, आणि तेही पावसाच्या चिखलात लोळवून. का, तर लोक शिट्ट्या मारतात. खेड्यातली विहिरीवर पाणी भरणारी सवत उंच टाचांची चप्पल घालून आली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उवानी कितीतरी दिवस घराबाहेर पडली नाही. तिच्या स्वतःच्या सवतीने तिला विचारलं, “म्हणजे माझ्याबद्दल तुला असं वाटतं होय?” आणि बिचारीचं पुस्तक तर नेमकं उलटं सांगत होतं. ज्यांनी सिनेमा पाहिला ते आता पुस्तक कशाला उघडतील? त्यांच्या डोक्यात तो चिखल बसला तो बसला.

म्हणून मी अडून बसले. हट्ट नाही हा.

तू लिहितेस, ती जेवत नाही. सिनेमाला पैसे घालणारे अल्हाजी इनुवा म्हणतात, पुस्तक मिळालं नाही तर पैसे दुसऱ्या दिग्दर्शकाला देईन. तो दुसरा तर टपूनच बसलाय. आणि नवऱ्याने सोडलेल्या, सिनेमात काम करणाऱ्या बाईला लोक काय काय म्हणतात ते मला ऐकू येत नाही असं समजू नकोस. ऐकू येतं. परवा एका लग्नात माझ्याच मागे बसून बोलत होत्या. मी उठून आले. भांडले नाही, कारण भांडायचं म्हणजे ती माझी कोण हे आधी म्हणावं लागलं असतं.

तर आता तुला कळलंच असेल. काल तिचा निरोप आला, झुलाईच्या हाती. “पुस्तकात आहे तसंच करते. एक शब्द बदलणार नाही.” मी पुस्तक दिलं. जिंकले, याया. मालम हुदूंना सांगितलं तर म्हणाले, “छान. मग चेहरा असा का केलायस?”

मला वाटलं होतं ती भांडेल. निदान अजून दोन खेपा तरी येईल. झुलाईला मी विचारलं, सांगताना कशी दिसत होती? झुलाई म्हणाली, “हसली. म्हणाली, हाजियांचंच बरोबर असेल, तसंच होतं ते.” मला ते हसू आवडलं नाही.

सादातू


कानो, १९ मार्च २००५

याया,

हे पत्र फाडून टाक वाचून झाल्यावर.

मी शूटिंगला गेले होते. कापड रंगवायच्या निळीच्या खड्ड्यांपलीकडे एक जुनं घर घेतलंय त्यांनी. मालम हुदू म्हणाले, “जा, तुझंच पुस्तक आहे, बघून ये.” मी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत ओढणी लपेटली, झुलाईला घेतलं आणि भिंतीकडेला बसले. निरोपाचा प्रसंग होता. मुद्दाम तोच दिवस निवडला होता मी.

तुझी लेक माझ्याकडे आली नाही. लांबूनच गुडघे टेकून सलाम केला आणि कामाला लागली. याया, ती ओरडत नाही. एवढे पुरुष, कॅमेरा, तारा, आणि ती हळू आवाजात सांगते आणि सगळे ऐकतात. हे तिने कुठून घेतलं? तुझ्याकडून तर नक्कीच नाही.

देलूचं काम तालातू करते. चांगली नटी आहे, बाजरीचं पीठ खरंच चाळता येतं तिला. तिने पाठ फिरवली. असबे झालेली पोरगी दाराशी येऊन उभी राहिली, डोळे खाली. चाळणीचा आवाज. तालातू म्हणाली, “तिला सांगा, उशीर होतोय.” पोरगी थोडा वेळ उभी राहिली. मग बायका तिला घेऊन गेल्या. तालातू चाळतच राहिली.

झालं. एवढंच.

मी वाट पाहत होते, याया. मला वाटलं अजून काहीतरी येईल. आणि माझ्या शेजारी तांदूळ निवडणारी, त्या सगळ्यांचं जेवण करणारी बाई जिभेने च् करून म्हणाली, “काय दगड आहे ही आई.”

मी म्हटलं, “दगड नाही ती. तिच्या पोटात...”

“पोटात काय असेल ते असो, हाजिया. पोरगी तर गेली ना तशीच.”

तालातू घाम पुसत माझ्याजवळ आली. “हाजिया, बरोबर केलं का मी? पुस्तकात आहे तसंच?” काय सांगणार तिला? एक हात इकडचा तिकडे नव्हता. चाळणी कुठल्या हातात धरायची तेसुद्धा तिने पुस्तकातून घेतलं होतं. माझं प्रत्येक वाक्य तिथे होतं आणि माझी देलू तिथे नव्हती. तिच्या जागी एक कोरडी, कठोर बाई बसली होती. पोरीच्या तोंडाकडेही न बघणारी.

मी झुलाईला म्हटलं, “जा, तिला विचार, आतलं कुठाय?”

झुलाई गेली. तिकडे काहीतरी बोलणं झालं. मग झुलाईला मागे ठेवून तीच आली. चालत सरळ माझ्यासमोर आली आणि चारचौघांत माझ्याशी बोलली. बत्तीस वर्षांची झाली, पण तिने असं कधी केलं नव्हतं.

“हाजिया,” ती म्हणाली, “दाराशी उभं राहणाऱ्याला एवढंच दिसतं.”

मी खाली पाहत होते. ती पुढे बोलली. “मी पण दाराशीच उभी होते. मला वाढवणाऱ्या उम्माच्या घरी, माझ्या लग्नात. आत काय होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे दोन वर्षांनी तुमचं पुस्तक आलं. मी ते मोटार-अड्ड्यावर विकत घेतलं, इतर बायका घेतात तसंच. ती तीन पानं सगळ्या कानोला पाठ होती. फक्त मला कुणी सांगितलेली नव्हती. तुम्ही म्हणालात आहे तसंच दाखव. मी दाखवलं.”

मग ती पुन्हा गुडघे टेकून सलाम करून गेली आणि पुढचा प्रसंग लावायला लागली.

त्या दिवशी मी तुझ्या घरी मागच्या खोलीत बसले होते, तू आठवतेस ना? तू मला दोनदा हाक मारून गेलीस. आणि मी काय चूक केलं, सांग मला. आपली आई तशीच बसली होती. तिची आई तशीच. जी उठून बाहेर येईल तिला लोक काय म्हणतील? आणि मला वाटायचं, मी पुस्तक लिहिलंय, म्हणजे तिला कळलं असेल. मी दुसऱ्या कुणासाठी लिहिलं होतं ते?

मला झोप नाही, याया.

सादातू


कानो, २ एप्रिल २००५

याया,

उकाडा इतका आहे की शाई कागदावर टेकायच्या आधीच वाळते, आणि मी तुला आता जे लिहिते ते वाचून तू पोट धरून हसशील. हस.

मी तिला निरोप पाठवला की तो प्रसंग बदल. होय, मीच. देलूला निदान वळून बघू दे. अंगणात नको, हंबरडा नको, पण एकदा वळू दे.

उत्तर आलं, “हाजियांनी शब्द घेतलाय माझ्याकडून. मी शब्द मोडत नाही.”

बघ आता. माझंच पोर आहे ते, कोणी नाकारू शकणार नाही.

मग मी अल्हाजी इनुवांकडे निरोप पाठवला. त्यांनी काय सांगावं? “दिग्दर्शक बाईंशी बोला.” दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस तिला काढून टाकायला निघाला होता. आता तिचं काम पाहून नरम पडलाय. मग मी गेले तिच्याकडे, झुलाईला घेऊन. ती एका छोट्या खोलीत सिनेमा जोडत बसते. तिथे तिने मला तो प्रसंग पडद्यावर दाखवला. पडद्यावर तालातूची पाठ भिंतीएवढी दिसते, याया.

ती झुलाईला म्हणाली, “हाजियांना सांग, पुस्तकातलं काही बदलायचं नाही हे ठरलंय. पण ती तीन पानं पुस्तकातच आहेत. ती मी सोडली होती, कारण ती दाखवता येत नाहीत. ऐकवता येतील. पाठ दिसत राहील आणि वरून आवाज येईल.”

मी म्हटलं, चांगलं आहे, तालातूला वाचायला सांग. झुलाईने सांगायच्या आत ती म्हणाली, “तालातूने वाचून झालंय.” आणि ऐकवलं. तालातूने असं वाचलं होतं की रेडिओवर साबण विकतेय असं वाटलं. झुलाई फिसकन हसली. तीही हसली. मी पण हसले असते, पण माझ्या लक्षात आलं होतं की आता पुढे काय येणार.

“ज्यांनी लिहिलं त्यांनीच वाचायला हवं,” ती म्हणाली.

नाही, याया. हे माझ्याच्याने होणार नाही. मालम हुदूंची ना नाही. ते म्हणतात, रेडिओवर बायका पुस्तकं वाचतातच, त्यात काय. पण त्या दुसऱ्यांची पुस्तकं वाचतात. कागदावर ती देलू आहे. मी वाचलं की ती मी होणार. कानोत सिनेमा तिने केलाय हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ती माझी पहिली हेही सगळ्यांना माहीत आहे. शेकडो लोकांत माझा आवाज म्हणणार की या पोरीवर माझा जीव आहे. माझ्या जावा काय म्हणतील? म्हातारपणी लाज सोडली म्हणतील. आपल्या आईने हे ऐकलं असतं तर?

मी नाही म्हणून आले. सिनेमा तसाच लागू दे. कठोर तर कठोर.

तू काही बोलू नकोस.

सादातू


कानो, ११ एप्रिल २००५

याया,

तुझं पत्र पोचलं. तू इतकं कधी लिहिलं नव्हतंस.

उद्या जाते मी.

सा.


कानो, १३ एप्रिल २००५

वरती काय लिहावं ते मला सुचलं नाही. पाकिटावर तुझ्या उम्माचंच नाव आहे, पण पत्र तुला आहे. ती फक्त तुझ्या हातात देईल, तसं तिला कळवलंय.

काल आवाज घ्यायच्या खोलीत काचेपलीकडे तू होतीस. तुला जे दिसलं ते तुला माहीत आहे. हाजिया आली, ओढणी सारखी केली, दोन पानं वाचली, पाणी मागितलं, तिसऱ्या पानावर अडली. तू आतून म्हणालीस, “परत घेऊ या, घाई नाही.” तुला वाटलं असेल मला लाज वाटली. म्हणून न दिसलेलं लिहिते. सवय तीच आहे मला, लिहिण्याची.

आधी मी का आले ते. तुझ्या उम्माने मला लिहिलं. ती आमच्या आईची पहिली, तुझ्यासारखी. तिने लिहिलं, “सादातू, आई तुला हाका मारायची, रागवायची, तुझ्या वेण्या घालायची. मी ते दुसऱ्या खोलीतून ऐकायची. मला तिने एकदाही हाक मारली नाही. सगळे म्हणायचे, पहिलीवरच जास्त माया असते, म्हणून तर दाखवत नाहीत. मी विश्वास ठेवला. आई गेली तेव्हा मी म्हातारी होत आले होते, तरी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिच्या पोटात तुझ्या देलूसारखी तीन पानं होती की नव्हती हे मला आजपर्यंत माहीत नाही. तू तुझ्या पोरीला माझ्यासारखी सोडू नकोस.” आमची याया टोमणे मारते, रडत नाही, हे तुला माहीत आहे. या पत्रात टोमणा नव्हता.

आता तिसरं पान. तिथे देलूला असबेचा पहिला दात आठवतो. तिने आईच्या बोटाला चावलं होतं ते, रात्री ताप आला तेव्हा छातीशी धरून फिरवलं ते. त्या पानावर बायका सगळ्यात जास्त रडतात. मी ते वाचायला तोंड उघडलं आणि काचेतून तू माझ्याकडे पाहत होतीस.

तुझा पहिला दात मी पाहिला नाही. तो कादुनाला आला. तापात तुला तबावाने फिरवलं. ते मी मनाने लिहिलं होतं. ज्या आईने पोर जवळ ठेवलं तिच्या आठवणी मी रचल्या आणि देलूला दिल्या. तेच पुस्तक हातात धरून मी तुला सांगत बसले होते की यातला एक शब्द बदलायचा नाही. तू ते वाचलंस तेव्हाच तुला कळलं असणार. सगळ्या कानोत एकट्या तुला. आणि तरी तू कधी बोलली नाहीस.

म्हणून मी पुस्तक मिटलं. त्यानंतर मी जे बोलले ते पुस्तकात नाही, हे तू लगेच म्हणालीस. दिग्दर्शक आहेस, तुझं लक्ष असतं. मी म्हटलं, “नाही.” मी तुला सरळ दिलेलं ते पहिलं उत्तर होतं बहुतेक, आणि तेही नाही. माझ्यासारखीला जमलं तेवढं.

बोलताना माझा आवाज चिरकला होता, मशीनने नीट घेतलं की नाही कोण जाणे, म्हणून इथे पुन्हा लिहून ठेवते. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी मागच्या खोलीत होते. दाराला पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर. तू येऊन उभी राहिलीस तेव्हा मला फक्त तुझे पाय दिसले. घोट्यापर्यंत मेंदी. डाव्या पायाची करंगळी आत वळलेली, माझ्या बापाची होती तशी. मला ते माहीत नव्हतं. पोटच्या पोरीचे पाय मी पहिल्यांदा नीट पाहत होते आणि ती निघाली होती. मला वाटलं, थांब, अजून थोडं थांब, उजवा पाय जरा पुढे कर, तोही तसाच आहे का बघू दे. हे माझ्या मनात होतं. तोंडाने मी म्हटलं, “तिला सांगा, उशीर होतोय.” पाय वळले आणि गेले. उजव्याची करंगळी मला दिसली नाही.

दुसरं काही नव्हतं. तीन पानं नव्हती. तेवढंच होतं, आणि ते इतकं होतं की मला त्या खोलीतून उठताच आलं नाही. बायकांना वाटलं रीत पाळतेय. मी रीतही पाळत होते. दोन्ही होतं.

आता तुला काम सांगते, आणि नेहमीसारखा हुकूम नाही हा. तालातूची पाठ तशीच ठेव. ते खरं आहे. मी तशीच बसून राहिले होते, आणि तुझ्यासाठी तो पडदा म्हणजे पाठच होती. वरून माझा आवाज घालायचा की नाही, घातला तर पुस्तकातला दात ठेवायचा की कालची करंगळी, हे तू ठरव. लोक म्हणतील हे पुस्तकात नाही. वाचणाऱ्या बायका मला पत्रं पाठवतील, शिव्या देतील. मी त्यांना उत्तरं देईन. पुस्तक मी माझ्यासारखं लिहिलं. सिनेमा तू तुझ्यासारखा कर. मी पुन्हा विचारणार नाही.

एक मात्र माझं मी ठरवलंय. पहिल्या खेळाला मी येणार. बायकांच्या बाजूला बसेन आणि माझ्या शेजारची जागा तुझ्यासाठी धरून ठेवेन. तू सगळ्यांचे सलाम घेऊन, अल्हाजींशी बोलून, सावकाश ये. जावा असतील, उवानी असेल, अर्धं कानो असेल. आणि मला कोणी विचारलं, ही शेजारी बसलेली कोण, तर मी सांगेन.